भिंतीला वळण, पाण्याला वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी या दिवशी एका भगिनीने लोणच्यांविषयी सांगितले, त्याच्या आदल्या वर्षी बाळंतिणीच्या आहारावर भाषण झाले. यंदा पाळी माझ्यावर आली. मी कुंपण आणि संरक्षक भिंत या विषयावर बोलणार असे कळवले तेव्हा पुष्कळ जणी हसल्या. "भिंती बांधणे हे गवंड्याचे काम, तुम्ही पुरणपोळीवर बोला," असेही एकीने सुचवले. माझी पुरणपोळी तिने खाल्लेली नसावी. शिवाय भिंतीविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, कारण एक भिंत माझ्या घरावर पडलेली आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. जे पाहिले, जे हाताने केले, तेवढेच सांगणार आहे. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

माझे माहेर खाली अंजनगाव सुर्जीकडचे. तिकडे जमीन ताटासारखी सपाट. वावराचा धुरा सरळ, कुपाटी सरळ, पानमळ्याला वाऱ्याचा आडोसा म्हणून लावलेल्या ताट्याही एका ओळीत. सरळ रेघ म्हणजे चांगले काम, ही समजूत मी माहेरूनच घेऊन आले. सेमाडोहला आले तेव्हा पाहिले, की इथे सरळ असे काहीच नाही. सिपना वळणे घेत वाहते, रस्ता वळणे घेत चढतो, उतारावरची पायवाटसुद्धा दर दहा पावलांवर वळते. मेळघाट या नावातच घाटांचा मेळ आहे. तरीपण मनातली सरळ रेघ काही गेली नाही, आणि तिची किंमत आम्हाला पुढे मोजावी लागली.

आमचे घर उताराला लागून आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. घराला सपरी वाढवायची म्हणून आम्ही मागचा उतार खणून जागा केली. त्यामुळे मागे सहा फुटांची उभी दरड तयार झाली. ती ढासळू नये म्हणून भिंत बांधण्याचे ठरले. आपल्या मंडळाच्या बचतीतून मी पंचवीस हजार रुपये कर्ज घेतले. उरलेले आमच्या ह्यांनी तूर विकून उभे केले. २०२१ सालच्या माघात भिंत झाली. चाळीस फूट लांब, सहा फूट उंच, नऊ इंच जाड, विटांची, वर सिमेंटचा गिलावा. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून अगदी सरळ रेषेत बांधलेली. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम मागे नेऊन ती दाखवीत असे.

काम चालू असताना आमच्या सासूबाई एकदा मागे आल्या. काठी टेकून बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पान्याले वाट ठेवा रे बाप्पा. नाही त थे आपली वाट आपनच करते."

हे म्हणाले, "आई, तुले काय समजते त्यातलं?"

खोटे कशाला सांगू, मीही तेव्हा मनात तेच म्हटले. म्हाताऱ्या माणसाने काहीतरी बोलायचे म्हणून बोलले, असे वाटले.

पहिल्या पावसाळ्यात भिंतीला मधोमध पोट आले. गिलाव्यात एक आडवी चीर दिसली. मी ती सिमेंटने बुजवून घेतली आणि वरून चुना मारला. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२२ साली, आषाढात आपल्याकडे कसा पाऊस झाला ते कोणी विसरले नसेल. एके रात्री दिवे गेले. माझी मुलगी तेव्हा दहावीला होती आणि सपरीत खाट टाकून वाचत असे. अंधार झाला म्हणून पुस्तक घेऊन ती आत माझ्याजवळ येऊन झोपली. पहाटेच्या सुमारास मोठा आवाज झाला. कंदील घेऊन पाहतो तो सपरीचे कवेलू खाली, खाट विटांखाली, आणि बाजूच्या कोठ्यात बांधलेली शेळी व तिची दोन पिले चिखलात गाडली गेलेली. खाटेचे चारही पाय मोडले होते.

भगिनींनो, त्या खाटेकडे पाहून मला जे वाटले ते मी इथे सांगत नाही. आपण सगळ्या आया आहात. दिवे गेले नसते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मंडळाच्या कर्जाचे हप्ते अजून बाकी होते आणि भिंत तर मातीत गेली. चार दिवसांनी मी सासूबाईंच्या पायाशी बसले आणि विचारले, की पाण्याला वाट ठेवा असे तुम्ही का म्हणाला होता? तेव्हा त्यांनी सांगितले. लग्नानंतरची काही वर्षे त्या रोजगार हमीच्या कामावर जात होत्या. आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्या कामांवर बांधबंदिस्ती, नाल्यांतले दगडी बांध अशी कामे असत, आणि त्या डोक्यावरून दगड वाहत, लावणाऱ्याच्या हाताशी देत आणि पुढे पुढे स्वतःही दगड लावू लागल्या. कोणता बांध पावसाने नेला आणि कोणता राहिला, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते. आमच्या घरात वीस वर्षे मी त्यांच्या हातचे जेवले, परंतु हे मला माहीत नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

त्यानंतर रस्त्याच्या कामावर आलेल्या एका तरुण अभियंत्याला आमच्या ह्यांनी घरी आणले. त्याने पडलेली भिंत पाहिली आणि सासूबाईंचेच म्हणणे हिशोब करून दाखवले. तो हिशोब मी पाठ केला आहे. सहा फूट उंचीच्या भिंतीमागे पाणी काठोकाठ साचले, तर भिंतीच्या दर एक फूट लांबीवर नुसत्या पाण्याचाच सुमारे पाच क्विंटल रेटा येतो. म्हणजे तुरीची पाच पोती दर फुटाला आडवी रेटीत आहेत असे समजा. आमची भिंत चाळीस फुटांची. आणि उंची निम्मी केली तर रेटा निम्मा होत नाही, चौथाई होतो. तीन फुटांच्या भिंतीवर तोच रेटा सव्वा क्विंटलच येतो. हे ऐकले तेव्हा सहा फुटांची एक भिंत घालण्याचा शहाणपणा माझ्या लक्षात आला.

दुसरी चूक सरळ रेघेची. आमच्या वाडीच्या मधून उताराला एक खोलगट घळ आहे. वरचे सारे पाणी त्या घळीतून उतरते. आम्ही दोरी ताणली ती नेमकी त्या घळीच्या तोंडावरून गेली. म्हणजे ज्या ठिकाणी पाणी येते तिथेच आम्ही दार बंद केले, आणि कडीही घातली. भिंत पडली ती त्याच जागी, घळीसमोर. दोन्ही टोके बरेच दिवस उभी होती.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा काम काढले. या वेळी पैसा नव्हता, पण माणसे होती. मंडळातल्या सात जणी आळीपाळीने हाताखाली आल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. सासूबाई खुर्चीवर बसून देखरेख करीत होत्या. ते काम कसे केले हे आता क्रमाने सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींची घरे उतारावर आहेत.

प्रथम रेघ ठरवली. या वेळी दोरी ताणली नाही. सारख्या उंचीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधल्या, मध्ये आडवी काठी बांधली आणि वरच्या टोकापासून दोरीला दगड लोंबता सोडला. पाय फाकलेल्या माणसासारखे हे साधन दिसते. बांधबंदिस्तीच्या कामावर याला ए-फ्रेम म्हणतात. आडव्या काठीवर मध्याची खूण करून ठेवावी. दोरी खुणेवर आली म्हणजे दोन्ही पाय एकाच पातळीत आहेत. असे एकेक पाऊल टाकीत गेले की उताराची समपातळी रेघ आपोआप सापडते. ती रेघ सरळ येत नाही. घळीजवळ ती डोंगराकडे आत वळते, उंचवट्याजवळ बाहेर येते. तीच भिंतीची खरी जागा.

मग त्या रेघेचे पाच तुकडे केले, प्रत्येक साधारण आठ फुटांचा. प्रत्येक तुकडा सरळ, पण एका तुकड्याचा दुसऱ्याशी कोन जमीन सांगेल तसा. गवंड्याजवळ गुण्या असतो, परंतु तो काटकोनच दाखवतो. आम्ही बांबूच्या दोन कामट्या एका टोकाला खिळ्याने जोडल्या. त्या कात्रीसारख्या उघडतात, मिटतात. जमिनीवरच्या खुणांवर ठेवून कोन धरायचा, कामट्या न हलवता उचलायच्या आणि पायाचे चर खणताना तोच कोन तिथे ठेवायचा. माझ्या मुलीने हे पाहिले तेव्हा म्हणाली, कंपासपेटीत असते तसेच तू घरी केलेस.

पाया मऊ मातीत घेतला नाही, कडक मुरूम लागेपर्यंत खणले. विटा आणि सिमेंट वापरले नाही. पडलेल्या भिंतीचा उपयोग भराव्याला झाला. दगड आमच्याच खणाईतला आणि काही विकतचा. जंगलातला दगड किंवा बांबू परवानगीवाचून आणता येत नाही, हे आपल्याला सांगायला नकोच. उंची तीनच फूट ठेवली. पायाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे पावणेदोन फूट. भिंत उभी नाही, डोंगराकडे किंचित मागे झुकलेली. दर फूट उंचीला दोन बोटे मागे, असे सासूबाईंचे माप. प्रत्येक थरात मधून मधून एक लांब दगड असा लावला, की त्याचे एक टोक बाहेर दिसते आणि दुसरे आत मातीत जाते. दगडांवर दगड सांध्यावर सांधा येऊ दिला नाही. फटी चिपांनी घट्ट केल्या.

आता वळणाची गोष्ट. दोन तुकडे जिथे मिळतात तिथे नुसते टोकाला टोक टेकवले तर तो कोपरा पहिल्याच पावसात उघडतो. तिथे दगड वेणीच्या पेडासारखे घालावेत. एका थरात इकडच्या तुकड्याचा लांब दगड तिकडे जाईल, वरच्या थरात तिकडचा इकडे येईल. आणखी एक लक्षात ठेवावे. वळणाचा बाक डोंगराकडे असेल तर माती रेटते तसे दगड एकमेकांत जास्त आवळतात, कमानीसारखे. बाक बाहेरच्या बाजूला असेल तर तोच रेटा दगड फाकवतो. म्हणून बाहेरच्या वळणावर सर्वांत मोठे आणि लांब दगड लावावेत, आणि एकच टोकदार कोपरा करण्यापेक्षा थोडे थोडे दोन कोन करावेत.

भिंतीच्या मागे लगेच माती लोटली नाही. एक वीतभर जागा खडीने भरली, म्हणजे पाणी त्यातून खाली उतरते आणि दगडांच्या फटीतून निघून जाते. ज्यांना सिमेंटचीच भिंत बांधायची असेल त्यांनी तळाशी आणि मध्ये पाणी जायला भोके ठेवावीत, भिंतीला गवंडी ठरवील तेवढी जाडी द्यावी, आणि लांब भिंत एकसंध न करता मधे मधे सांधे सोडावेत. जमीन सगळीकडे सारखी बसत नाही. जिथे ती बसते तिथे एकसंध भिंत तडकते, सांध्याची भिंत तिथल्या तिथे बसते.

घळीच्या तोंडाशी दगडी भिंतही घातली नाही. नाल्यांच्या कामावर आपण तारेच्या जाळीच्या पेट्या पाहतो, आत दगड भरलेल्या. गॅबियन म्हणतात ते हेच. तशा दोन पेट्या परतवाड्याहून जाळी आणून बांधल्या आणि तारेने एकमेकींना शिवल्या. पाणी त्यांच्यातून गाळून जाते. खालची जमीन थोडी खचली तरी पेटी वाकते, मोडत नाही. पेट्यांच्या खाली दगडांची फरसी घातली, म्हणजे पडणारे पाणी पाया उकरत नाही. पुढे ते पाणी मोरीने केळीकडे सोडले. उरलेली तीन फूट उंची दुसऱ्या भिंतीने धरली, परंतु ती पहिलीच्या डोक्यावर नाही. सहा फूट मागे सरकून, वेगळी. मधल्या पट्ट्यात वाळा लावला. वाळ्याची मुळे खोल जातात आणि माती धरून ठेवतात. उन्हाळ्यात माठात टाकायला त्याच्या मुळ्याही होतात.

त्यानंतर २०२३ चा पावसाळा गेला, २०२४ चा गेला. पावसाच्या रात्री मी अजून उठते, कंदील घेऊन मागे जाते आणि पाहते. घळीतून पाणी येते, पेट्यांतून गाळून बाहेर पडते आणि मोरीने निघून जाते. भिंतीला पोट नाही. मंडळाचे कर्ज फिटले. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी अध्यक्षबाईंनी मला चहा पाजला, तो मला पुरणपोळीहून गोड लागला.

आता कुंपणाकडे वळते. तो विषय आमच्या आणि शेजारच्या मावशींच्या मधला आहे. मावशी समोरच बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेऊनच बोलते. भिंत पडली तशी आमच्या दोघींच्या वाड्यांमधली कुपाटीही गेली. नवी घालायची तर पुन्हा दोरी ताणायची वेळ आली. सरळ दोरी घातली की त्यांचे जांभळीचे झाड माझ्याकडे येई, आणि झाड सोडून घातली की माझी न्हानी त्यांच्याकडे जाई. हातभर जागेसाठी आम्ही दोघी दीड वर्ष बोललो नाही. हळदीकुंकवाला एकमेकींकडे पाठ करून बसत होतो, हे आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

शेवटी तोडगा निघाला तो ताट्यांनी. भगिनींनो, ही आपल्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका. ही उघडून सरळ करते आणि टेबलावर कडेवर उभी ठेवते. पाहा, पडली. आता मधोमध दुमडते आणि थोडी उघडी ठेवून उभी करते. उभी राहिली. कागद तोच. मध्ये एक कोन आला एवढेच. कुंपणाचेही असेच आहे. सरळ ओळीतल्या ताटीला वारा पाडतो, म्हैस अंग घासून पाडते. दोन ताट्या कोनात उभ्या केल्या की एक दुसरीला धरते. अमेरिकेत जुन्या काळी शेतकरी लाकडाच्या फोडी नागमोडी रचून कुंपण करीत, त्याला जमिनीत खांबही लागत नसे. अब्राहम लिंकन यांनी तरुणपणी अशी लाकडे फोडली होती, आणि १८६० च्या निवडणुकीत त्यांचे लोक त्यांना अभिमानाने 'लाकडे फोडणारा' म्हणत. आपल्याकडे मेंढपाळ रात्री मेंढरांभोवती वाघूर लावतात, तीही जागा असेल तशी वळते आणि सकाळी गुंडाळून पाठीवर जाते.

आम्ही बांबूच्या कामट्यांच्या सहा सहा फुटांच्या ताट्या विणल्या. दर दोन ताट्यांमध्ये एक बल्ली पुरली, लांबीचा चौथा हिस्सा जमिनीत, भोवती दगड आणि मुरूम ठोकून. ताटी बल्लीला खिळ्यांनी ठोकली नाही. तारेच्या दोन सैल कड्या करून, एक वर आणि एक खाली, बल्लीत अडकवली. त्यामुळे ताटी दाराच्या फळीसारखी फिरते. हवा तो कोन धरावा, मग कड्या पिळून घट्ट कराव्यात. उद्या झाड वाढले, न्हानी सरकली, तर कडी सैल करून कोन बदलावा, बल्ली उपटायला नको. मावशींची जांभूळ त्यांच्याकडे राहिली, माझी न्हानी माझ्याकडे राहिली. मधल्या दोन ताट्यांच्या कड्या तर आम्ही कायमच्या सैल ठेवल्या आहेत. वाटीभर साखर मागायला रस्त्याने फिरून जावे लागत नाही.

बांबू टिकावा म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडलेला पक्का बांबू घ्यावा आणि तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. त्यातले गोडे सत्त्व निघून जाते आणि कीड कमी लागते. बल्लीचे पुरायचे टोक जाळून काळे करून घ्यावे. उतारावर ताटी तिरपी बांधू नये, खाली मोठी फट राहते. पायरीपायरीने उतरवावी. ज्या ठिकाणी ओहोळ आडवा जातो तिथली ताटी फक्त वरच्या काठीला पडद्यासारखी टांगावी. पूर आला की ती उचलली जाते, केरकचरा निघून जातो, पाणी ओसरले की आपोआप खाली येते. घट्ट बांधली तर कचरा अडतो आणि पूर सगळे कुंपणच घेऊन जातो.

तारेचे कुंपण असेल तर कोपऱ्याच्या खांबाकडे लक्ष द्यावे. काटकोनाच्या कोपऱ्यावर दोन्ही तारा मिळून खांबाला आत ओढतात, ती ओढ एका तारेच्या जवळजवळ दीडपट होते. म्हणून तिथे आतल्या बाजूने तिरपा टेका द्यावा. आणि एक हात जोडून विनंती. रानडुकरे आणि रोही पीक खातात, आपला जीव तळमळतो, हे मला ठाऊक आहे. तरी कोणी कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडू नये. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला रात्री कोणाचे पोर लागेल हे सांगता येत नाही.

वळणाची ही विद्या नवी नाही. वर चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. आपण मुलांना घेऊन तिथे जातो, फोटो काढतो. पुढच्या वेळी तट नीट पाहावा. तो डोंगराच्या कडेप्रमाणे वळत जातो आणि बुरूज वळणांवर आहेत. १८०३ सालच्या डिसेंबरात इंग्रजांनी तोफा लावून तो घेतला, पण पावसाने तो सारा नेला नाही. कोकणात दगड रचून केलेल्या कुंपणाला गडगा म्हणतात. आपल्या मेळघाटातही गडगा नावाची नदी आहे. दोन्ही नावांचे नाते मी सांगू शकत नाही, पण दोघींनाही सरळ जाणे माहीत नाही, एवढे खरे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. आपली तीन फुटांची भिंत दरड राखते, डोंगर राखत नाही. पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. तिथे कोणतीही भिंत कामाची नव्हती. उतारावर जमिनीला नव्या लांब भेगा दिसल्या, झाडे आणि खांब एकाएकी कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर भिंतीचा विचार सोडून मुलांना घेऊन आधी बाहेर पडावे आणि ग्रामपंचायतीला कळवावे. भांडी-कपडे मागून आणता येतात.

माझे बोलणे लांबले. अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहू लागल्या आहेत. दोन सूचना करून थांबते.

पहिली सूचना अशी, की दर वर्षी मृग लागण्याच्या आधी मंडळातल्या चार-पाच जणींनी मिळून प्रत्येक सभासदाच्या घरामागे एक फेरी मारावी. भिंतीला पोट आले आहे का, भोके बुजली आहेत का, वरचे पाणी कुठून येते, एवढेच पाहावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. माझ्या भिंतीची चीर मी चुन्याने झाकली, ती दुसऱ्या बाईने पाहिली असती तर तिने मला तसे करू दिले नसते. आणि मंडळातून भिंतीसाठी कर्ज देताना दोघींनी आधी जागा पाहावी. कर्ज देऊ नये असे मी म्हणत नाही. ज्या कामाला ते द्यायचे ते उभे राहावे, एवढीच इच्छा.

दुसरी सूचना थोडी घरची आहे. आपल्या घरात ज्या वयस्कर बाया आहेत त्यांना एकदा बसवून विचारावे, की तुम्ही तरुणपणी कोणकोणती कामे केली. दगड वाहिले, बांध घातले, विहिरी खणल्या, रोपे लावली, त्यांच्या हाताला काय काय ठाऊक आहे ते कोणी लिहून ठेवलेले नाही. आमच्या सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मी त्यांच्याविषयी बोलते आहे म्हणून डोळे मिटून झोपेचे सोंग घेत आहेत. घरी गेल्यावर म्हणतील, "इतकं लांब बोलाले कोन सांगतलं होतं तुले?"

पण त्या रात्री वाचलेली त्यांची नात आज अमरावतीला शिकते आहे, आणि सुटीत आली की त्याच सपरीत खाट टाकून वाचते. मागे त्यांच्या हाताने वळवलेली भिंत आहे. म्हणून मला झोप लागते.